आधी फोन, मग ओरडा!

दिवाळी तोंडावर आली की फ्रीलान्सरला दोन असाइनमेंट्स हमखास मिळतात. एक, 'फराळ खा, पण वजन सांभाळा'. आणि दुसरी, 'सेफ दिवाळी'. पहिली लिहिताना माझ्या एका हातात चकली असते, त्यामुळे ती मी शक्यतो टाळते. दुसरी मात्र तोंडपाठ! गावाला जाताना पेपर आणि दूध बंद करा. दागिने लॉकरमध्ये ठेवा. 'ऑफ टू कोकण' असं स्टेटस परत आल्यावर टाका. गर्दीत पर्स पुढे घ्या. ओटीपी कुणालाही सांगू नका. झाली आठशे शब्दांची कॉपी, डेडलाइनच्या आधी.

२०२४च्या दिवाळीत मी हीच कॉपी पाठवली आणि वसुबारसेच्या आदल्या रविवारी आईला घेऊन तुळशीबागेत गेले. मंडईचं मेट्रो स्टेशन महिन्याभरापूर्वीच सुरू झालं होतं, त्यामुळे पार्किंगचं टेन्शन नव्हतं. बाकी गर्दीबद्दल काय बोलायचं? दिवाळीआधीच्या रविवारी तुळशीबागेत आपण चालत नाही, मागचे लोक आपल्याला पुढे नेतात. पणत्या, रांगोळी, उटणं, आकाशकंदील... आणि दर पाच मिनिटांनी माझी टेप चालू. 'आई, पर्स पुढे घे.' 'आई, मोबाइल हातात नको धरूस.' 'आई, क्यूआर स्कॅन केल्यावर नाव वाच, मगच पैसे टाक.' शेवटी ती वैतागून म्हणाली, 'अगं, तुझ्या जन्माआधीपासून येतेय मी इथे. एकदाही खिसा कापला गेला नाहीये माझा.'

खरंच होतं ते. त्या दिवशीही आमची एक पणतीसुद्धा फुटली नाही. जे व्हायचं ते दुसऱ्या दिवशी झालं, आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, दाराला आतून कडी असताना.

त्या आठवड्यात आमच्याकडे पार्सलांचा नुसता पाऊस होता. बाबांचा कुर्ता, माझ्या सँडल्स, ताईच्या मुलाचा ड्रेस. सगळ्या ऑर्डर्स माझ्या आणि नंबर आईचा, कारण घरी तीच असते. सोमवारी सकाळी साडेअकराला तिला फोन आला. 'मॅडम, पार्सल आलंय, पण पत्ता अपुरा आहे. आज कन्फर्म नाही केलंत तर परत जाईल. लिंक पाठवतो, फक्त पाच रुपये भरा.' आईच्या एका हाताला चकलीचं पीठ, गॅसवर तेल तापलेलं. समोरचा माणूस 'मॅडम, मॅडम' करत सॉलिड नम्र बोलत होता. तिने लिंक उघडली. त्यातून एक अ‍ॅप डाउनलोड झालं. त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तिने 'अलाऊ' दाबलं. मग पाच रुपयांसाठी कार्डाचा नंबर टाकला.

ओटीपी तिने कुणालाही सांगितला नाही. माझा नियम अगदी तंतोतंत पाळला! पण तो सांगायची गरजच उरली नव्हती. तिच्या फोनवर येणारा प्रत्येक मेसेज ते अ‍ॅप पलीकडे पोहोचवत होतं. दहा मिनिटांत बँकेचे दोन मेसेज आले. पंधरा हजार गेले, मग नऊ हजार. एकूण चोवीस हजार. तिची भिशी लागली होती त्याचे. धनत्रयोदशीला स्वतःसाठी कानातले घ्यायचे म्हणून तिने वर्षभर धरून ठेवलेले.

मी रात्री आठला घरी आले. आई नेहमीसारखीच वागत होती. फक्त चकल्या जरा जास्त लाल झाल्या होत्या. 'लक्ष नव्हतं गं,' म्हणाली. जेवणं झाली, बाबा झोपले. साडेदहाला करंज्या डब्यात भरताना तिने माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं.

मी काय केलं असेल? ऑफकोर्स, ओरडले. 'अकरा तास झाले आई! मला तेव्हाच फोन का नाही केलास?'

'तू अशीच ओरडली असतीस,' ती म्हणाली. 'कालच एवढं बजावलं होतंस. आणि तुझा लेख छापून यायचा होता. तुझीच आई फसली म्हटल्यावर लोक काय म्हणतील?'

मी गप्पच झाले. माझ्या लेखात सगळं होतं. फसवणूक झालीच तर काय करायचं, याची एक ओळही नव्हती. आणि मुख्य म्हणजे, सगळं माहीत असल्याच्या थाटात मी माझ्याच आईला अशी भीती घालून ठेवली होती, की चोरापेक्षा तिला माझं टेन्शन जास्त होतं.

मग सुरू झाली धावपळ. आधी तिच्या फोनचा इंटरनेट बंद. माझ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि खातं ब्लॉक. मग १९३०. हा आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. तिथे बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहाराचा नंबर विचारतात. तक्रार नोंदली की ती पैसे गेलेल्या बँकेपर्यंत पोहोचते आणि पुढच्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तर ती तिथेच गोठवता येते. फंडा साधा आहे. चोरही पैसे एका जागी ठेवत नाही. एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, मग एटीएममधून रोख. शर्यत मिनिटांची असते आणि आम्ही अकरा तास उशिरा धावायला लागलो होतो.

नऊ हजार सापडले आणि काही महिन्यांनी कागदपत्रांचे सोपस्कार होऊन परत आले. पंधरा हजार गेले ते गेलेच. बँकेने रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे नियमाच्या भाषेतही सगळा हिशेब 'कधी सांगितलं' यावरच येऊन थांबत होता.

त्यानंतर आमच्या घरात काही गोष्टी बदलल्या. फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. कोणतं पार्सल येणार, पैसे भरलेत की द्यायचेत, सगळं त्यावर. ऑनलाइन खरेदीसाठी आईचं वेगळं खातं उघडलंय, त्यात दोन-तीन हजारांच्या वर ठेवायचे नाहीत. बाकीच्या खात्याचं कार्ड ऑनलाइन वापरासाठी बंद. बाहेरून आलेलं अ‍ॅप इन्स्टॉल करायची परवानगी तिघांच्याही फोनमध्ये बंद. पैसे मिळवायला कधीच पिन टाकावा लागत नाही, हे बाबांनाही पाठ झालंय. आणि कागदाच्या अगदी वर, आईच्या अक्षरात: 'आधी फोन, मग ओरडा.' काहीही झालं तरी आधी एकमेकांना सांगायचं, मग १९३०. ओरडायचं असेल तर भाऊबीज झाल्यावर.

तुमच्या घरात असा कागद आहे? नसेल तर यंदा दिवाळीला घरी जाल तेव्हा आईबाबांना टिप्स देण्याआधी एवढंच सांगा, 'फसलात तर मी चिडणार नाही, पण लगेच सांगा.' पेपर-दूध बंद करण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते.

२०२५च्या दिवाळीआधी मी ऑफिसांच्या चकरा मारत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, सिग्नल तोडल्याबद्दल चलन, सोबत एक फाइल. गंमत म्हणजे दोनच दिवसांपूर्वी मी खरंच सिग्नल तोडला होता! बोट फाइलवर गेलंही. मग नावाच्या शेवटी 'एपीके' दिसलं. पावती कधी अ‍ॅपच्या रूपात येते का? पण त्या क्षणी मी दाबलं की नाही, हे माझं मलाच कळेना. हात थंड पडले. मी आईला फोन लावला.

ती ओरडली नाही. 'इंटरनेट बंद कर,' म्हणाली. 'डाउनलोड्समध्ये बघ काही आलंय का.' काही आलं नव्हतं.

'बरं,' आई म्हणाली, 'आता हे सांग, सिग्नल का तोडलास?'