अर्ध्या तोळ्याची गोळी

मागच्या लेखात नातीच्या शिकारीच्या परवान्याचा ओझरता उल्लेख केला आणि पुण्याहून, चिपळूणहून फोन सुरू झाले. "अगं आत्या, चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात बंदूक?" एकेकीला उत्तर देत बसण्यापेक्षा म्हटलं, इथेच लिहावं.

तर मंडळी, सध्या माझा मुक्काम कोलोरॅडोत, लेकीकडे. जावई अमेरिकन. त्यांच्या घरी हिवाळ्यात हरणाचं मांस फ्रीझरमध्ये असायचंच, आपल्याकडे बेगमीचे पापड असावेत तसं. इथे बारा वर्षांपुढचं मूल सुरक्षिततेचा कोर्स करून, परवाना काढून, मोठ्या माणसाच्या सोबतीने हरणाच्या शिकारीला जाऊ शकतं. नातीला जायचं आहे. जावं की नाही हा वाद घरात झाला, मिटला. त्यात मी पडले नाही. मी पडले ते काडतुसाच्या वादात!

काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तळाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. नावातला आकडा बहुधा गोळीच्या जाडीचा, इंचात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. हे ऐकल्यावर मला एकदम वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं, कारण जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा! (सराफ हल्ली दहा ग्रॅमला तोळा म्हणतात तो नव्हे, ११.६६ ग्रॅमचा.) जावयांच्या वडिलांची .३०-०६ रायफल घरात आहे. त्यातला ०६ म्हणजे १९०६ साल. तिची एक नेहमीची गोळी १८० ग्रेनची, म्हणजे अख्खा तोळा.

नातीला हवं होतं .२२३. स्वस्त, आणि खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. पण कोलोरॅडोत हरणासाठी गोळी किमान .२४ इंच जाडीची, ७० ग्रेन वजनाची आणि आत गेल्यावर फुलणारी लागते. पहिला उमेदवार कायद्यानेच बाद केला. मग थेट आजोबांची रायफल का नको? मी नको म्हटलं, आणि त्याला कारण आहे.

१९७२ च्या कायद्याच्या आधीची गोष्ट. आमच्या गावी भातात डुकरं शिरत. वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. तिचा दणका असा, की बार काढताना भलेभले डोळे मिटून घेत. एकदा डुक्कर पोटात जखमी होऊन राईत शिरलं. वडील आणि गडी रक्ताच्या थेंबांमागे रात्रभर फिरले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वहाळात सापडलं, जिवंत. त्या दिवशी वडील जेवले नाहीत. मी सात-आठ वर्षांची असेन. त्या जनावराचा आवाज मला अजून लिहिता येत नाही.

असो. मुद्दा हा, की धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याआधीच खांदा दचकतो आणि गोळी काळजाऐवजी पोटात जाते. तोळाभर असली म्हणून काय झालं? पोटात लागलेलं हरीण तासन् तास चालत राहतं.

दुकानदाराने ६.५ क्रीडमूर पुढे केलं. २००७ साली आलेलं, लांब पल्ल्याला नावाजलेलं. पण आम्हाला लांबून मारायचंच नव्हतं. शेवटी .२४३ विंचेस्टर ठरलं. हे १९५५ सालचं; .३०८ ची पुंगळी तोंडाशी निमुळती करून बनवलेलं. धक्का .३०-०६ च्या जवळजवळ निम्मा. त्यातही गंमत अशी, की खोक्यावर .२४३ असलं म्हणून भागत नाही. कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठीच्या हलक्या गोळ्या याच मापात मिळतात, त्या हरणाच्या खांद्यावर वरच्यावर फुटून जातात. आम्ही ८५ ग्रेनची, पूर्ण तांब्याची घेतली. शिशाचे बारीक कण मांसात पसरतात आणि ते मांस घरातली पोरं खाणार. ८५ ग्रेन म्हणजे अर्ध्या तोळ्याला थोडी कमीच. माझ्या कुड्यांपेक्षा जड नसेल!

हरणाचं काळीज-फुप्फुस साधारण कागदी ताटलीएवढ्या जागेत असतं. म्हणून जावयांनी नियम घातला: ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या ताटलीत बसतील, तेवढंच तिचं अंतर. गेल्या शनिवारी मीही मैदानावर गेले, कानाला बोंडं लावून. शंभर यार्डांवर पाच बसल्या. दीडशेवर चार.

"चार म्हणजे पुष्कळ की," मी म्हटलं. खरं तर तिची परीक्षाच पाहत होते.

"नाही आजी," ती म्हणाली, "पाचवी पोटात गेली असती."

घरी येऊन तिने चिकटपट्टीवर १०० लिहिलं आणि ती रायफलच्या दस्त्यावर, गाल टेकतो तिथे समोर दिसेल अशी चिकटवली.