आग्रहाचा पेढा

‘मधुमेह’ हा शब्द वर्गात आला की त्याची ‘मधु’ आणि ‘मेह’ अशी फोड करावी, चरक-सुश्रुतांच्या संहितांत तो कसा येतो ते सांगावे आणि पुढे जावे, अशी आमची रीत होती. आम्ही दोघे यवतमाळ जिल्ह्यात मराठीचे अध्यापन करतो. व्युत्पत्ती ठाऊक झाली म्हणजे अर्थ कळला, हा आमचा भ्रम आमच्यापैकी एकाच्या घरीच फिटला.

त्याची आई शेतमजुरी करून जगलेली, अंगाने काटकुळी. तिच्या पायात पऱ्हाटीचा खुंट रुतला. पण पायाची संवेदनाच हरपल्यामुळे तिला ते जाणवले नाही. जखम चिघळली, अंगठा काढावा लागला आणि तेव्हा कुठे तिच्या रक्तातील साखर प्रथमच मोजली गेली. ‘शुगर’ बसून खाणाऱ्यांना होते, या समजुतीपायी तिच्या शिकल्यासवरल्या मुलालाही तपासणी सुचली नव्हती.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत जो अभ्यास केला, तो आम्ही नंतर वाचला. तिथली नवजात बालके वजनाने कमी, तरी त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. पोटात असताना झालेली आबाळ पुढे मधुमेहाला वाट करून देते, असे त्यातून दिसते. गरिबी या रोगापासून वाचवत नाही, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

मधुमेहासह कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी व्हावी, असे आज त्याचे धोरण आहे. आशाताई घरोघरी जाऊन माहितीचे अर्ज भरतात. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. पण निदान हा आरंभ असतो, उपचार जन्मभराचे. ऐन वेचणीच्या दिवसांत रोजी बुडवून गोळ्यांसाठी कोण जाईल? औषध वस्तीजवळ मिळावे, मजुरांच्या सवडीची वेळ असावी आणि साखरेबरोबर पायही तपासले जावेत, एवढे झाले तरी कितीतरी पाय वाचतील.

आईनंतर मुलाने आपले रक्त तपासून घेतले. साखर निघाली. ही गोष्ट त्याने वर्षभर लपवली. स्टाफरूममध्ये निकालाचे पेढे आले की तो आपला पेढा रुमालात गुंडाळून ठेवी, आणि दुसरा त्याला ‘एकाने काय होते?’ म्हणत आणखी एक देई. तो दुसराही आमच्यातलाच. प्रेमाने केलेला आग्रह कुणाला किती महाग पडतो, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

आता पेढ्यांचा डबा येतो, फिरतो आणि पुढे जातो. नको म्हणणाऱ्याला आम्ही कारण विचारत नाही. आईच्या पायांची चौकशी मात्र रोज करतो.