तो हिरवा दिवा

गेल्या वर्षीची गोष्ट. पगार होऊन दुसरा दिवस होता. जेवणाच्या सुट्टीत दोन कामगार माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पहिला म्हणाला, "ताई, माझे जादा कामाचे साडेबावीस तास होते, पगार बावीसचाच आला." दुसरा काही बोलेना. त्याने पगाराची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि ओव्हरटाइमच्या रकान्यावर बोट टेकवले. तिथे शून्य होते.

चाकणच्या बाजूला एका लहान कारखान्यात मी हजेरी-पगाराचे काम पाहते. सुट्टीच्या दिवशी चऱ्होलीत ठेकेदाराकडच्या कामगारांचे फंडाचे कागद, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देते. कामगाराचा एक रुपया बुडाला तरी भांडायला उठणारी बाई, अशी माझी ओळख आहे. तरीही मी त्या दुसऱ्याला पटकन बोलून गेले, "कॉम्प्युटर चुकत नाही हो, मुकादमाने तास लिहिले नसतील." तो गप्प राहिला. मग मी मस्टर उघडला. त्याच्या नावापुढे स्वच्छ १८ लिहिलेले होते. जादा तासाला दुप्पट मजुरी, १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनचा हा नियम. अठरा तासांचे छत्तीस झाले, म्हणजे साडेचार दिवसांची कमाई. दोघांची मी त्याच क्षणी माफी मागितली आणि साहेबांकडे जाऊन दोघांच्या फरकाचे व्हाउचर करवून घेतले. पण हे झाले कसे, ते काही कळेना. रात्री झोप लागली नाही. मी कोणाच्या तोंडचे काढले असा संशय त्यांच्या मनात आला असेल तर?

उलगडा झाला तो चार दिवसांनी. सकाळी वीज जाऊन आली, संगणक पुन्हा सुरू केला आणि नेहमीप्रमाणे नजर मस्टरवर ठेवून उजव्या हाताने आकडे टाकू लागले. सहज वर पाहिले तर पडद्यावर एकही आकडा नाही, चौकट मात्र भलत्याच ओळीत. कीबोर्डाच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा विझलेला होता. नमलॉक बंद!

तो बंद असला की उजवीकडच्या आकड्यांच्या कळा आकडे देत नाहीत. ८ वर नेतो, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे. ७ ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवतो. आणि दशांश चिन्हाची कळ पुसून टाकते! आता माझी करामत पाहा. पहिल्याच्या बावीसचे साडेबावीस करायचे म्हणून मी २, २, टिंब, ५ आणि एंटर दाबले. दोनदा २ दाबल्याने चौकट दोन घरे खाली गेली, टिंबाने तिथला आकडा पुसला, ५ ने काहीच केले नाही. पुसलेला तो आकडा म्हणजे त्या गप्प माणसाचे अठरा तास. त्याचे नाव यादीत पहिल्याच्या खाली दुसरे होते, एवढाच त्याचा गुन्हा.

१९९७ साली चऱ्होली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, त्या सुमारास मी टाइपिंगच्या क्लासला जात होते. टाइपरायटरवर आकडे वरच्या ओळीत, कळ दाबली की कागदावर अक्षर उमटणारच. बी.कॉम. झाल्यावर संगणकाशी गाठ पडली आणि उजवीकडच्या कळांची चटक लागली. नजर कागदावर, मधले बोट ५ वरच्या उंचवट्यावर, हात आपोआप चालतो. याच सवयीने घात केला.

ही दुहेरी कळ आली कुठून, ते नंतर शोधले. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, त्याच्या कीबोर्डावर ८३ कळा होत्या. बाणांच्या वेगळ्या कळांना जागा नव्हती, म्हणून आकडे आणि बाण एकाच घरात नांदवले आणि कोणाची पाळी ते ठरवायला नमलॉक ठेवले. पुढे काही वर्षांतच बाणांना स्वतंत्र घर मिळाले. जुना दरवाजा तेवढा राहून गेला, कोणी बुजवला नाही.

आता उपाय. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून (कंपनीप्रमाणे कळ बदलते) बायोसमध्ये जावे. तिथे 'बूटअप नमलॉक स्टेटस' असेल तर ते 'ऑन' करावे. एवढे करूनही विंडोज स्वतःचेच खरे करते. विंडोज १० मध्ये पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावरच नमलॉक लावून, आत न जाता तिथूनच संगणक रीस्टार्ट करावा. बहुधा एवढ्यावर भागते. नाही भागले तर रेजिस्ट्रीत, 'एचकी यूजर्स'मधल्या 'डॉट डीफॉल्ट'खाली, 'कंट्रोल पॅनेल'च्या 'कीबोर्ड'मध्ये 'इनिशियल कीबोर्ड इंडिकेटर्स' नावाची नोंद आहे. तिथे २१४७४८३६५० हा आकडा घालावा लागतो, जुन्या विंडोज ७ ला नुसता २ पुरे. रेजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवा, हे माझ्यासारख्या धांदरटांना मुद्दाम सांगते. शिवाय 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. ते चालू असले की संगणक बंद केल्यासारखा दिसतो, पण पुरता बंद होत नाही, आणि जुनीच स्थिती घेऊन उठतो. माझ्या टेबलावर हेच आडवे आले होते.

हे जमले तेव्हा मला इतका हुरूप आला की रविवारी आमच्या अभ्यासिकेतल्या जुन्या लॅपटॉपवरही तेच करून आले. सोमवारी संध्याकाळी बारावीतल्या एका मुलीचा फोन. "ताई, पासवर्ड घेतच नाही. अर्ज भरायचा आहे, आज शेवटची तारीख!" त्या छोट्या लॅपटॉपला आकड्यांच्या वेगळ्या कळा नाहीत. नमलॉक लागला की अक्षरांच्याच कळा आकडे होतात. यू, आय, ओ चे ४, ५, ६, जे, के, एल चे १, २, ३ आणि एम चे शून्य. पासवर्डाच्या सुरुवातीला इंग्रजीत 'मिलिंद' होते. ती बिचारी टाइप करत होती आणि मागे जात होते ०५३५ आणि पुढे एन, डी. पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, मग तिला कळावे तरी कसे?

फोनवरूनच तिला फंक्शनची कळ धरून नमलॉक दाबायला सांगितले. लॅपटॉप उघडला. अर्ज गेल्याचा निरोप रात्री पावणेदहाला आला.