क्लार्क्सडेलचे दोन हत्ती

आपल्या घरांत ‘हत्ती’ म्हटले की आधी विचारावे लागते, मराठीतला की कानडीतला? कानडीत हत्ती म्हणजे कापूस! अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर गेलो, तेव्हा हे दोन्ही हत्ती एकदम आठवले.

नदीच्या गाळाची सपाट जमीन. २ ऑक्टोबर १९४४ रोजी येथे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची आठ लाल यंत्रे कापसात शिरली. पाहायला हजारो लोक लोटले. चांगला वेचणारा तासाला २० पौंड कापूस वेचायचा. यंत्राने सुमारे १००० पौंड वेचला. म्हणजे एका यंत्रात पन्नास माणसांचे काम.

असे यंत्र करणे सोपे नव्हते. बोंडे एकदम फुटत नाहीत आणि झाड न मोडता कापूस तेवढाच ओढायचा असतो. जॉन रस्ट नावाच्या संशोधकाला युक्ती सुचली ती आजीच्या चरख्यावरून. आजी चाती ओली करी, म्हणजे कापूस तिला चिकटे. ओलसर, फिरत्या चात्यांचे त्याचे यंत्र १९३६ साली याच राज्यातील स्टोनव्हिलला चालवून दाखवण्यात आले. आपल्या यंत्राने गरिबांच्या पोटावर पाय येईल, ही काळजी खुद्द रस्टलाही होती.

येथे वेचणारे बहुतेक कृष्णवर्णीय, वाट्याने शेती करणारे. बोंडाच्या टोकांनी बोटे फाटत, पाठ मोडून येई. यंत्र येण्याआधीच अनेकांनी शिकागोची वाट धरली होती. गायक मडी वॉटर्सही याच भागातून १९४३ साली तिकडे गेला. पुढे यंत्रे वाढली, तसे मागे राहिलेल्यांचे कामही गेले.

वाटेकऱ्यांची जुनी लाकडी खोपटी आता या मळ्यावर पर्यटकांना मुक्कामाला मिळतात. एका ओसरीवर बसलो, पण मन रमेना. जेथून माणसे सुटायला पाहत होती, तेथे आपण पैसे भरून राहायचे!

आपल्या धारवाड-हावेरीकडे वेचणी अजून मुख्यतः बायकांच्या हातांनीच होते. यंत्र आले तर त्यांची पाठ वाचेल, हे चांगलेच. पण त्या हंगामाच्या मजुरीवर मुलांची पुस्तके आणि घरचे वाणसामान येते. हत्ती गेला, शेपूट राहिले, असे आपण म्हणतो. क्लार्क्सडेलला कापूस वेचून झाला. वेचणाऱ्यांचे काय, हे मागेच राहिले. आपल्याकडे तरी हा विचार आधी व्हावा.