स्कॅनवाल्या काकांचं देणं

माझ्या धाकट्या भावाचं आयुष्य ज्यांनी लांबवलं त्यांत सर्जन आहेत, केमोचे डॉक्टर आहेत, रक्त द्यायला आलेले गावचे लोक आहेत. त्यांच्याच जोडीने मी हात जोडते ते बोन स्कॅनच्या खोलीत काम करणाऱ्या एका तंत्रज्ञांना. आम्ही त्यांना स्कॅनवाले काका म्हणायचो.

भाऊ दहावीत असताना त्याच्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर, ऑस्टिओसारकोमा निघाला. वाढत्या वयातल्या मुलांना होणारा हा कर्करोग बहुतेकदा गुडघ्याच्या आसपासच सुरू होतो. केमो, शस्त्रक्रिया, पुन्हा केमो. पाय वाचला, आत धातूचा सांधा बसला. आमचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होता. हाडाचा रोग असलेल्या प्रत्येक घराला तिथे एकच धास्ती असायची, ‘छातीत तर गेलं नाही ना?’ धास्ती रास्त होती. हा रोग रक्तावाटे पसरतो, बहुतेक वेळा आधी फुप्फुसं गाठतो आणि त्याखालोखाल दुसरी हाडं. छातीचा सीटी स्वच्छ आला की आमच्या जिवात जीव यायचा.

अशाच एका फेरीत छाती स्वच्छ होती. मग बोन स्कॅन. टेक्नेशियमचं इंजेक्शन झालं, दोन-तीन तास पाणी पीत बसणं झालं, लघवीला जाऊन येणं झालं आणि भाऊ टेबलावर आडवा झाला. पडद्यावर हळूहळू सांगाडा उमटला. पोटात डावीकडे, जिथे कुठलंच हाड नाही अशा जागी, एक काळा ठिपका होता. हे औषध मूत्रपिंडातून लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे त्या बाजूला डाग दिसला तर नवल नसतं. बाहेर रांग ताटकळत होती. तरी काकांनी भावाला उठवलं. ‘राजा, परत एकदा लघवीला जाऊन ये.’ तो आला, ठिपका होता तिथेच. काकांनी बाजूनेही चित्र घेतलं. ठिपका मूत्रपिंडाच्या बराच पुढे, आतड्यांच्या बाजूला होता. त्याच्या पोटावर हात ठेवून त्यांनी विचारलं, ‘इथं काही होतं का रे?’

‘जेवल्यावर जड वाटतं.’

आईला किंवा मला त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. काकांनी ते कागदावर लिहिलं आणि तो कागद स्वतः डॉक्टरांच्या हातात नेऊन दिला.

पोटात हाडाचा रोग कसा, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. या पेशींचा स्वभावच हाड घडवण्याचा. जातील तिथे त्या कच्चं हाड तयार करतात, म्हणून मऊ मांसातली गाठही हाडाचं औषध शोषून घेते आणि सीटीत चुन्यासारखी पांढरी दिसू शकते. आतडं, मूत्रपिंड, मेंदू, त्वचा, क्वचित हृदयाचा उजवा कप्पासुद्धा तिला वर्ज्य नाही. १९७० च्या दशकात केमो येण्याआधी, पाय कापूनही बहुतेक रुग्ण फुप्फुसातल्या रोगाने लवकरच दगावत. केमोने आयुष्य वाढवलं, तशा या आडवाटेच्या जागा डॉक्टरांना जास्त दिसू लागल्या.

आतडं बंद पडण्याआधी गाठ निघाली. भावाने बारावी केली, आयटीआय केलं, माझ्या लग्नात पंगतीला वाढलं. पुढे रोग फुप्फुसात उतरला आणि भाऊ गेला. मधली ती वर्षं आम्हाला मिळाली याचं मोठं श्रेय मी काकांना देते. रांग मोठी असताना त्यांनी एका मुलाला पुन्हा टेबलावर घेतलं होतं.

हे देणं फेडायचा एकच मार्ग मला दिसतो. घरात असा उपचार झालेलं मूल असेल तर छातीच्या तपासण्या चुकवू नकाच. पण नवी गाठ, न थांबणारी डोकेदुखी, धाप, लघवीतलं रक्त, पोटातलं जडपण यांतलं काही दिसलं तर ‘याचा हाडाशी काय संबंध’ म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. आणि मुलं आपणहून बोलत नाहीत, म्हणून त्यांना विचारत राहा.