रॉकी पर्वतांत चार रात्रींचा तळ

यंदा उन्हाळ्यांत डेन्व्हरच्या आमच्या बिऱ्हाडीं पुण्याहून सासूबाई आल्या आहेत. येथून जवळच, 1915 सालीं स्थापन झालेल्या रॉकी पर्वत राष्ट्रीय उद्यानांत चार रात्री तंबू ठोकून राहावें, असा मुलांनीं हट्ट धरला. प्रश्न एकच : 78 वर्षांच्या सासूबाईंना नेतां येईल काय? “मला घराच्या राखणीला ठेवणार असाल, तर पुण्यासच पाठवा,” असें त्या म्हणाल्या. तेव्हां सारा बेत त्यांच्या मानानें आंखणें प्राप्त झालें.

डेन्व्हरची उंची 5,280 फूट; तळाची जागा, मोरेन पार्क, 8,000 फुटांच्याही वर. हवा विरळ असल्यानें नवख्याला दम लागतो, डोकें दुखतें. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यांना आधीं आठ दिवस डेन्व्हरासच राहूं दिलें. 12,183 फुटांपर्यंत चढणाऱ्या ट्रेल रिज रस्त्यावर तिसऱ्या दिवशीं मोटारीनें जावयाचें, तेंही सकाळीं. दुपारीं तेथें विजा पडतात व उघड्यावर आसरा नाहीं. त्यांना त्रास वाटल्यास तत्काळ तळ हलवून खालीं उतरावयाचें, हें मुलांना बजावून ठेवलें आहे.

स्वयंपाकाचा विचार त्यांनींच केला. तळावर पाणी सुमारें 92 अंश सेंटिग्रेडलाच उकळतें. उघड्या भांड्यांत डाळ शिजतां शिजत नाहीं. त्यामुळें तंबूच्याही आधीं कुकर बांधला गेला. मेतकूट, लोणचें, तूप मात्र रात्रीं तंबूंत ठेवतां येत नाहीं. वासानें अस्वल येतें, म्हणून तळावरील धातूच्या पेटींत सारें बंद करावें असा नियमच आहे.

“डोक्याला लावायचें तेलसुद्धां?”

होय, तेंही. एवढ्या एका कलमास त्या अद्याप कबूल नाहींत.