मुठीतला संच

पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर माणसाने नवी परीक्षा देऊ नये, याविषयी आमच्या बाररूममध्ये एकमत होते. वकिलांचे एकमत ही इतकी दुर्मिळ वस्तू की, मी ते मोडावयास नको होते. पण २०१९ च्या ऑगस्टातला पाऊस मध्ये आला.

बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाताना कणकुंबी लागते. मलप्रभेचा उगम तिथलाच. तेथे माझी आत्या एकटी राहते; प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. त्या ऑगस्टात आधी वीज गेली, मग रस्ता गेला आणि शेवटी फोनही गेला. तीन दिवस मी कोर्टात तारखा मागत होतो आणि मधल्या वेळात तोच एक नंबर फिरवीत होतो. चौथ्या दिवशी आत्याचाच फोन आला. "मागची भिंत पडली रे. मी धड आहे." एवढेच बोलून तिने ठेवला, बॅटरी जपावयाची होती.

२००४ च्या डिसेंबरात त्सुनामीने अंदमानची वाट तोडली, तेव्हा हौशी रेडिओसाठीच पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांनी आपला संच लोकांचे निरोप पोचविण्यासाठी लावला, हे मी पूर्वी वाचले होते. वाचून विसरलोही होतो. त्या तीन दिवसांत ते आठवले आणि पाठ सोडीना.

परीक्षेतला नियमांचा भाग मला जड गेला नाही. ओहमच्या नियमाने मात्र घाम फोडला; या नियमावर अपील नाही, हीच त्याची अडचण. मोर्सची खटखट न येणाऱ्याला मिळतो तो 'रिस्ट्रिक्टेड' दर्जाचा परवाना यथावकाश हाती पडला. 'व्हीयू३' ने सुरू होणारे नाव मिळाले, आणि बारशानंतर पाळणा शोधावा तसा मी संच शोधू लागलो.

पहिला संच मुठीत मावणारा घ्यावा असे सारेच सांगतात. पण कोणता? एका विक्रेत्याने स्वस्तातला चिनी संच पुढे केला. आठ वॅट शक्ती, १३६ पासून १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कोठेही बोला, शिवाय विजेरी! परवाना आहे का, हे त्याने विचारलेसुद्धा नाही. माझ्यातला वकील तेथेच जागा झाला. त्या पट्ट्यात मला बोलण्याचा अधिकार १४४ ते १४६ एवढाच. उरलेल्या जागी पोलीस आहेत, आणखी कोण कोण आहेत. वाड्यातल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या खिशात घालून एकाच खोलीत राहण्याची शपथ घ्यावयाची, असा तो व्यवहार होता. शपथ मी पाळली असती. पण चुकून दाबल्या गेलेल्या बटणाला शपथ ठाऊक नसते.

शेवटी आमच्या गावातल्या एका जुन्या हॅमकडे गेलो. आम्ही सारे त्यांना अप्पा म्हणतो.

"अप्पा, पाच वॅट घेऊ की आठ?"

"वकीलसाहेब, आठ वॅटांनी अशिलाचे समाधान होईल," अप्पा म्हणाले, "पण समोरच्याला फरक कळायचा नाही. त्याच्या काट्यावर एक घर चढायला चौपट शक्ती लागते. ऐकू कसे येते ते आधी पाहा."

मग त्यांनी दोन संच शेजारी ठेवले. स्वस्त संच गच्चीवरच्या मोठ्या अँटेनाला जोडताच आसपासच्या गोंगाटाने बधिर झाला. जुन्या जपानी संचात तोच दूरचा आवाज स्वच्छ येत राहिला. सोबत मिळणाऱ्या आखूड रबरी अँटेनाबद्दल अप्पांचे मत छापण्याजोगे नाही. तिच्या बुडाशी सुमारे एकोणपन्नास सेंटिमीटर लांबीची साधी तार शेपटीसारखी लोंबकळत सोडली, तर तीच बरी बोलू लागते, हे त्यांनी करून दाखविले. पावलीची तार!

मी दुप्पट-तिप्पट किंमत मोजून दुसऱ्या जातीचा संच घेतला. खरे कारण आवाजाची स्वच्छताही नव्हे. त्याला बाजारातले साधे सेल घालावयाची पेटी वेगळी मिळत होती. तीन दिवस वीज नसली तर चार्जर कोठे लावावयाचा?

आता कबुलीजबाब. या संचावरून मी घरातून कणकुंबीला बोलू शकत नाही. या लहरी सरळ जातात, डोंगर ओलांडीत नाहीत. चारशे किलोमीटर उंचीवरून जाणारे अंतराळस्थानक मी ४३७.८०० वर गच्चीतून ऐकले आहे; मधे काही आडवे नसते म्हणून. पण दोन गल्ल्यांपलीकडचा मित्र उंच इमारतीमागे असला की गप्प! उंचावरचा एखादा रिपीटर मधे असेल तरच काही साधावयाचे. आणि तेही साधले, तरी पलीकडे बोलणाऱ्यापाशी स्वतःचा परवाना हवा.

दिवाळीत संच घेऊन आत्याकडे गेलो. तिने तो तराजूत तोलावा तसा हातावर तोलला, बटणे पाहिली.

"यावरून माझ्याशी बोलता येईल का तुला?"

"नाही आत्या. तुला परीक्षा द्यावी लागेल."

"वयाची अट काय?"

"बारा वर्षे पूर्ण हवीत. वरची अट नाही."

आत्याने चष्मा पुसला. "मग पुस्तक पाठव," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरांचं असेल तर बरं."